वावरातला मुक्काम, अंगणातले गवत

बार्शीटाकळी तालुक्यात मुक्कामाचे सामान घ्यायचे असो की अंगणातले गवत काढायचे अवजार, निवड आधी जमीन करते आणि मग खिसा. अकोल्यापासून अठरा-वीस किलोमीटरवरचे बार्शीटाकळी गाव बाहेरच्यांना माहीत आहे ते काळंका देवीच्या हेमाडपंती देवळामुळे आणि तिथल्या शके १०९८ च्या शिलालेखामुळे. इथे राहणाऱ्याची रोजची गाठ मात्र मातीशी असते. अकोल्याच्या बाजूला खोल, काळी, चिकण माती. वाशीमच्या अंगाने चढ लागला की पिंजर, धाबा, महान या भागांत हलकी, मुरमाड जमीन. दोन्हीकडे एकच फावडे, एकच खुंटी, एकच खुरपे चालत नाही.

काळ्या मातीचा स्वभाव तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजातून येतो. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, पाणी गेले की आक्रसते. म्हणून मे महिन्यात वावरात हात जाईल अशा भेगा पडतात आणि जुलैत त्याच जागी चपलेला शेरभर चिखल लागतो. या दोन टोकांच्या मध्ये वाफशाचे थोडे दिवस मिळतात. वाफसा म्हणजे मातीत ओल आहे, पण ती अवजाराला चिकटत नाही, अशी अवस्था. अंगणातली निम्मी कामे त्या दिवसांत उरकली तर साध्या खुरप्याने होतात. ते दिवस हुकले तर महागडे अवजारही हात टेकते.

हवेचेही तसेच. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जाणे नित्याचे आहे. २०२० च्या मे महिन्यात तो ४७ च्याही वर गेला होता. हिवाळ्यात पहाटे तो दहा अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो. पाऊस वर्षाला साधारण सात-आठशे मिलिमीटर आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. डोंगराळ थंड मुलखासाठी बनवलेला तंबू, समुद्रकाठच्या दमट हवेसाठी बनवलेले कापड किंवा हिरवळीच्या देशात बनलेले गवतयंत्र इथे जसेच्या तसे उपयोगी पडत नाही, त्याचे कारण हे आकडे आहेत.

मुक्काम कोणाचा

वऱ्हाडात तंबू घेऊन सहलीला जाण्याची हौस नवी आहे. उघड्यावर रात्र काढण्याची गरज फार जुनी. तूर भरू लागली, हरभरा घाट्यावर आला की रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला शेतकरी वावरात जागल करतो. मेंढरे वावरात बसवणारे धनगर बिऱ्हाडासह महिनोन्‌महिने मोकळ्यावर राहतात. त्यांच्या मुक्कामाचा मोबदला म्हणजे शेताला मिळणारे लेंडीखत. आषाढीसाठी शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी अकोला, वाडेगाव, पातूर या वाटेने जाते. तिच्यातल्या वारकऱ्याची पडशी पाहिली तर पायी मुक्कामाला खरोखर किती थोडे लागते ते कळते. जंगलाची ओढ असलेल्यांसाठी बुद्धपौर्णिमेची मचाणावरची रात्र आहे. उन्हाळ्यात वाघ-बिबट्यापासून भेकरापर्यंत सगळ्यांना पाणवठ्यावर यावे लागते, म्हणून पौर्णिमेच्या उजेडात पाणवठ्याजवळ बसून नोंद घेण्याची ही पद्धत वनविभागाने मेळघाटात आणि इतर अभयारण्यांत चालवली आहे.

तालुक्यातले जवळचे जंगल म्हणजे काटेपूर्णा अभयारण्य. १९८८ साली ते घोषित झाले. अकोला आणि वाशीम या दोन जिल्ह्यांत मिळून ते सुमारे ७३ चौरस किलोमीटर पसरले आहे आणि चौशिंग्यासाठी ओळखले जाते. महानचे धरण याच परिसरात आहे आणि अकोला शहर त्याचेच पाणी पिते. अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगी लागते. मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणे किंवा पेटती ठेवून जाणे हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणून सामानाची यादी करण्यापूर्वी मुक्काम कुठे आहे ते ठरवावे. अभयारण्याच्या हद्दीत असेल तर चूल, कुऱ्हाड, सरपण यादीतून वगळलेच. स्वतःच्या किंवा सोयऱ्याच्या वावरात असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा प्रश्न, सामान वाहणार कोण. तालुक्यात बहुतेक मुक्काम मोटारसायकलच्या टप्प्यात असतात. त्यामुळे पाठीवर वाहणाऱ्या गिर्यारोहकासाठी बनवलेल्या, ग्रॅममागे पैसे घेणाऱ्या हलक्या वस्तूंवर खर्च करण्याचे इथे कारण नाही. दोन किलो जास्त वजनाची, पण गावातल्या वेल्डरला दुरुस्त करता येणारी वस्तू बरी.

निजण्याची सोय

सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पैसा झोपण्याच्या जागेवर घालावा. याला कारण मण्यार. घोणस आणि नाग बहुधा पाय पडल्यावर, हात लागल्यावर चावतात. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत येते. तिचा दंश अनेकदा दुखत नाही, सूज येत नाही, डास चावला असे वाटून माणूस पुन्हा झोपतो. काही तासांनी पोटात कळ, पापण्या जड होणे, बोलताना जीभ अडखळणे अशी लक्षणे दिसू लागतात. तोवर मोलाचा वेळ गेलेला असतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे: बाज आणि मच्छरदाणी. बाजेमुळे शरीर जमिनीपासून दीड फूट वर राहते, आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचली की वर चढून येणाऱ्यालाही वाट उरत नाही. नुसती लोंबती सोडलेली मच्छरदाणी डासांपुरतीच. घडी होणारी लोखंडी, नवारीची खाट यासाठी सर्वांत व्यवहारी. घेताना तिचे सांधे पाहावेत. रिबिट मारलेला सांधा ढिला झाला की खाट गेली, नटबोल्टचा सांधा पान्याने पुन्हा आवळता येतो. खाट नेणे शक्य नसेल तर तळ शिवलेला, चेन पूर्ण बंद होणारा तंबू हा दुसरा पर्याय. उघड्या पालात सतरंजी टाकून निजणे हा पर्याय जून ते ऑक्टोबर या काळात धरूच नये.

दंश झालाच तर दोरीने आवळणे, ब्लेडने कापणे, मांत्रिक यांत वेळ घालवू नये. अवयव न हलवता थेट ग्रामीण रुग्णालय किंवा अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. सापाच्या विषावरचे प्रतिविष दवाखान्यातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे औषध आहे. ते सोबत बाळगण्याच्या सामानात बसत नाही. सामानात बसतो तो भरलेल्या बॅटरीचा फोन आणि पेट्रोल असलेली गाडी.

अंगावर काय घ्यावे, याचे उत्तर ऋतूप्रमाणे बदलते. डिसेंबर-जानेवारीच्या जागलीला गोधडी आणि तिच्यावर घोंगडे ही जोडी अजून मागे पडलेली नाही. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब देते आणि शेकोटीची ठिणगी पडली तर जागीच विझते. कृत्रिम धाग्याच्या झोपपिशवीला त्याच ठिणगीने रुपयाएवढे भोक पडते. झोपपिशवी घ्यायचीच असेल तर तिच्यावर लिहिलेले दोन आकडे वाचावेत. एक सुखाने झोप लागेल तो, दुसरा जेमतेम तग धरता येईल तो. दुकानात मोठ्या अक्षरांत बहुधा दुसरा असतो. वऱ्हाडासाठी सुखाचा आकडा पाच ते दहा अंश असला की भागते. उणे तापमानाची पिशवी इथे घामाने भिजवते.

ताडपत्री, तंबू आणि खुंट्या

पावसाळ्यात सोयाबीनची गंजी झाकणारी, खळ्यावर अंथरायची, ट्रॅक्टरवर टाकायची आणि मुक्कामाला पाल म्हणून ताणायची ताडपत्री एकच असते. त्यामुळे ती नीट निवडणे हे तंबू निवडण्याहून महत्त्वाचे. बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या ताडपत्रीवर जीएसएमचा आकडा असतो, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम. हा आकडा छापायला काही लागत नाही, पण पडताळायलाही फक्त काटा लागतो. पंधरा बाय बारा फुटांची ताडपत्री म्हणजे १८० चौरस फूट, साधारण १६.७ चौरस मीटर. २०० जीएसएमची असेल तर तिचे वजन सव्वातीन किलोच्या थोडे वर भरायला हवे. काट्यावर दोन किलो भरली तर ती १२० जीएसएमचीच आहे, वर काहीही लिहिलेले असो. दुकानदार वजन करू देत नसेल तर दुकान बदलावे.

वजनानंतर उन्हाचा प्रश्न. अतिनील किरणांना तोंड देणारा घटक मिसळलेला नसेल तर उन्हात राहिलेली ताडपत्री एका उन्हाळ्यात भुगा होऊ लागते; तिच्या काठावर अंगठा घासला की पांढरी पूड निघते. विणलेल्या पॉलिथिनच्या ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे, त्याची खूण असलेला माल घ्यावा. कोपऱ्यांतल्या आणि काठावरच्या कड्या पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या आणि काठाच्या दुहेरी पट्टीत दोर घातलेला असावा, कारण वाऱ्यात ताडपत्री मधून क्वचित फाटते, कडीपाशी फाटते. एका बाजूने चंदेरी असलेली ताडपत्री उन्हाळ्यात चंदेरी बाजू वर करून ताणली की सावली जास्त गार पडते.

तंबूचे कापड किती पाणी सोसते ते मिलिमीटरमध्ये लिहितात. १५०० मिलिमीटर म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब येईपर्यंत कापडातून पाणी पाझरत नाही. छतासाठी एवढे पुरते. तळाला तीन हजार तरी हवे, कारण निजलेल्या माणसाचा कोपर आणि गुडघा ओल्या मातीतले पाणी वर दाबतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुहेरी कापड: आत जाळीचा तंबू आणि वर वेगळे छत. एकेरी कापडाच्या स्वस्त तंबूत माणसाच्या श्वासाचेच दव पहाटे अंगावर गळते. एप्रिल-मेमध्ये तर जाळी हवीच. त्या दिवसांत दुपारी कुठल्याही तंबूत बसता येत नाही, तंबू रात्रीपुरता. दिवसाची सोय आंब्या-निंबाखाली.

खुंट्या ही खास वऱ्हाडची अडचण. तंबूसोबत येणाऱ्या वीतभर ॲल्युमिनियमच्या खुंट्या मे महिन्यात भेगेत सुळकन जातात आणि जुलैत चिखलातून तशाच सुळकन येतात. पिंजर-धाब्याकडच्या मुरमात त्या पहिल्या घावाला वाकतात. बार्शीटाकळीत काय किंवा अकोल्यात काय, कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात बारा मिलिमीटरची सळई दीड-दीड फुटाची कापून, एक टोक घासून आणि दुसरे वाकवून मिळते. एका खुंटीचे वजन चारशे ग्रॅम होते, पण मुरमात ती बसते. चिकण चिखलात तिचाही भरवसा नाही. तिथे खताच्या रिकाम्या पिशवीत माती भरून, तोंडाला दोर बांधून ती हात-दीड हात खोल पुरावी. वारा तंबू फाडेल, पण पिशवी उपटणार नाही.

जागा धुऱ्यावर, थोड्या उंचवट्याची घ्यावी आणि पालाभोवती बोटभर का होईना चर काढावा. नाल्याच्या कोरड्या पात्रातली वाळू मऊ असते, म्हणून तिथे झोपण्याचा मोह होतो. वरच्या अंगाला पाऊस पडला तर तो मोह जिवावर बेततो. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप फोनमध्ये असावे. आसपास वीज पडण्याची शक्यता ते आधी कळवते. फुकटात मिळणारे एवढे कामाचे साधन दुसरे नाही. कडकडाट सुरू झाला की एकट्या झाडाखालून आणि लोखंडी मचाणावरून उतरून पक्क्या घरात जावे.

पाणी, उजेड, चूल

उन्हाळ्यातल्या मुक्कामाला माणशी दिवसाला चार-पाच लिटर पिण्याचे पाणी धरावे. ते गार ठेवायला पूर्वी बैलगाडीला आणि जीपला जाड कापडाची छागल टांगलेली असे. कापडातून पाझरलेले पाणी कोरड्या हवेत उडते आणि आतले पाणी गार होते. वऱ्हाडातला उन्हाळा कोरडा असल्याने छागल इथे फ्रिजच्या तोंडात मारील असे काम करते. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की तिचा उपयोग संपतो. तेव्हा दुहेरी भिंतीचा जार बरा. छागल नवी असताना दोन दिवस पाण्यात भिजत घालून शिवण फुगवून घ्यावी लागते, नाहीतर पहिल्या दिवशी अर्धे पाणी वाटेत गळते.

उजेडासाठी दोन वस्तू लागतात: डोक्याला बांधायचा लहान दिवा आणि लांब झोत टाकणारी बॅटरी. पहिला स्वयंपाकाला, वाट पाहायला, परसाकडे जायला. दोन्ही हात मोकळे राहतात, त्यामुळे काठी धरता येते. दुसरी जागलीला. या बॅटरींत बहुधा १८६५० मापाचा लिथियम सेल असतो आणि फसवणूकही त्याच सेलात असते. या मापाच्या सेलमध्ये आजच्या तंत्राने साधारण साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच क्षमता बसते. वेष्टनावर ९९०० लिहिलेला सेल दिसला की तो खोटा, हे मोजायचीही गरज नाही. चांगला सेल हाताला जड लागतो, पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास. पोकळ माल निम्म्या वजनाचा असतो. मे महिन्यात बॅटरी गाडीच्या डिकीत ठेवू नये, लिथियमला ती उष्णता सोसत नाही.

रोह्यांच्या बंदोबस्ताला काही जण कुंपणाच्या तारेत थेट घरगुती वीज सोडतात. तो गुन्हा आहे आणि त्याने दरवर्षी माणसे मरतात, बहुधा तार लावणाऱ्याच्याच घरातली किंवा शेजारची. सौर झटका यंत्र क्षणभराचा, जीव न घेणारा धक्का देते. कुंपण करायचे तर त्याचेच.

वावरातल्या स्वयंपाकाचे वऱ्हाडी उत्तर रोडगे हे आहे आणि त्याला लागणारे सामान पाहिले तर मुक्कामाच्या भांड्यांची अर्धी यादी गळून पडते. जाडसर कणकेचे गोळे, गोवऱ्यांचा हार, वांग्याची भाजी आणि वरण यांसाठी दोन पातेली. तवा नाही, पोळपाट नाही, स्टोव्ह नाही. गोवऱ्या पेटून लाल निखारा झाला, धूर थांबला की रोडगे त्यात पुरतात. धुरात घातलेला रोडगा बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहतो. काढून राख झटकायची, फोडायचा आणि तुपात बुडवायचा. पातेली जाड बुडाची, कडीची घ्यावीत. प्लास्टिकच्या मुठी निखाऱ्यापाशी वितळतात. सरपणाला पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी वावरातच असते. फेब्रुवारीनंतर मात्र वाळलेल्या धुऱ्यावर ठिणगी उडाली तर शेजाऱ्याची गंजी पेटते. त्या दिवसांत आणि जंगलालगत पाच किलोचा लहान गॅस सिलिंडर आणि त्याच्यावर बसणारी शेगडी हीच सोय बरी. परदेशी पद्धतीच्या बारीक ब्युटेन डब्यांची शेगडी दिसायला नेटकी असते, पण डबा संपला की तो तालुक्यात मिळत नाही.

अंगणातली माती

अंगण आणि परसाच्या देखभालीत जो प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो, यंत्र कोणते घ्यावे, तो सगळ्यांत शेवटी विचारायचा आहे. दोन-तीन गुंठ्यांच्या परसाला खुरपे, विळा, कुदळ, फावडे, सब्बल, घमेले आणि खराटा एवढ्याने वर्ष निघते. ही सात अवजारे चांगली असणे महत्त्वाचे.

खुरपे घ्यायचे ते लोहाराकडून. दुकानात मिळणारे पत्र्याचे रंगीत खुरपे कुंडीतल्या मातीसाठी बनवलेले असते. काळ्या मातीत ते मानेपाशी वाकते. गावचा लोहार किंवा अक्षय तृतीयेपासून मृगापर्यंत रस्त्याकडेला भाता लावणारे घिसाडी ट्रकच्या कमानीच्या जुन्या पट्ट्यातून खुरपे घडवतात. कमानीचे पोलाद मुळातच लवचीक आणि चिवट असते. कसब पाणी देण्यात आहे. लाल झालेले पाते पाण्यात किती आणि किती वेळ बुडवले, यावर धार ठरते. जास्त कडक झाले तर खड्यावर कपरा उडतो, मऊ राहिले तर धार दुमडते. काळ्या मातीत खडे कमी, तिथे पातळ आणि कडक धार चालते. मुरमाड जमिनीसाठी थोडे मऊ, जाड पाते मागून घ्यावे. लोहाराला जमीन कोणती ते सांगितले की तो ओळखून करतो. घेताना पात्यावर कानस हलकी फिरवून पाहावी. ती सरकत गेली तर पाणी चांगले बसले, सहज चावली तर कच्चे. पुढे धार गेली की तेच खुरपे लोहाराकडून शेवटून आणता येते, दुकानातले टाकून द्यावे लागते.

दांड्याकडे दुर्लक्ष होते आणि हाताला फोड येतात ते दांड्यानेच. कुऱ्हाड, कुदळ, टिकास यांना धावडा किंवा तिवस उत्तम, बाभूळ चालते. रेषा दांड्याच्या लांबीने सरळ गेलेल्या असाव्यात. आडव्या रेषेचा दांडा तिथेच मोडतो. उन्हाळ्यात लाकूड आक्रसून अवजार ढिले होते. त्यावर पाचर ठोकावी आणि काम सुरू करण्यापूर्वी डोके पाण्यात बुडवून ठेवावे. फावड्याचा दांडा छातीपर्यंत पोचला तर कंबर वाचते. बाजारात तो बहुधा आखूड मिळतो, कारण ट्रकमध्ये रचायला सोपा पडतो.

विळ्यात निवडी दोन आहेत. साधा विळा धार लावून वर्षानुवर्षे चालतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘वैभव’ हा दातेरी विळा वजनाला हलका आहे, ओढला की कापतो आणि धार लावावी लागत नाही. बायकांच्या मनगटाला त्याने आराम पडतो. निंदणाचे काम बहुतेक घरांत बायकाच करतात, पण अवजार खरेदीला पुरुष जातो. खुरप्याची मूठ ज्या हातात राहणार त्या हातानेच ती निवडली जावी. उकिडवे बसून निंदण्याला पर्याय म्हणून जुन्या सायकलच्या चाकाला पास लावून केलेले सायकल डवरे आहे. सरळ ओळींच्या भाजीपाल्यात ते उभ्याने ढकलता येते. मात्र वाफशावरच, चिखलात चाक लगेच जाम होते.

कोणत्या तणाला कोणते अवजार, याचा विचार क्वचित होतो. गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्यात आढळले आणि तिथून देशभर पसरले. त्याला अवजारच नको. पाऊस पडून माती ओली असताना, फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. फुलावर आल्यावर कापले तर बी तिथेच झडते आणि अंगाला खाज सुटते ती वेगळी. लव्हाळ्याच्या खाली गाठी असतात. खुरप्याने वरचे पाते छाटले की गाठ जोमाने फुटते, म्हणून त्याला कुदळ. तरोटा कोवळा असताना खुडून भाजी करावी, हे वऱ्हाडातले सगळ्यांत स्वस्त तणनियंत्रण. हराळीचे मात्र विचित्र आहे. वावरात जी शेतकऱ्याचा जीव काढते, तिच्याच जातभाईची हिरवळ शहरातले लोक पैसे देऊन अंगणात लावतात. जिथे नळ रोज येत नाही आणि मे महिन्यात धरणाचा साठा मोजून वापरावा लागतो, तिथे हिरवळ आणि ती कापायचे यंत्र, दोन्ही खरेदीच्या यादीतून काढून टाकावीत.

झाडलेला पाला जाळण्याची सवय जुनी आहे. त्याऐवजी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका, यांनी दाखवलेली टाकी बांधावी. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीच्या विटांमध्ये हवेसाठी भोके ठेवलेली. पालापाचोळा, शेणकाला आणि माती यांचे थर घालून लिंपले की तीन-चार महिन्यांत खत होते. लहान परसाला याच्या अर्ध्या मापाची टाकी पुरते.

पाणी घालायला नळी घेताना आत दोऱ्याची विणलेली जाळी असलेली, तीन थरांची घ्यावी. एकेरी पारदर्शक नळी उन्हाने कडक होते आणि आत शेवाळ धरते. पाणी साठवून वापरावे लागत असेल तर नळीपेक्षा झारी आणि झाडांना ठिबक परवडते. अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरच्या पाण्याने ठिबकची भोके क्षाराने बुजतात आणि लोखंडी झारी गंजते, हे तिकडे घर असलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

फवारणीचा पंप हा परसातला सगळ्यांत धोक्याचा नग. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वेळच्या चर्चेत जास्त दाबाने बारीक तुषार उडवणाऱ्या पंपांचे नाव वारंवार आले. घरच्या भाजीपाल्याला दोन लिटरचा हाताने हवा भरायचा पंप आणि पाच टक्के निंबोळी अर्क बहुधा पुरतो. लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची आणि दुहेरी फडक्यातून गाळायची. फडके एकेरी असले तर नोझल तुंबते. तुंबलेल्या नोझलला तोंडाने फुंकर कधीही मारू नये, तार किंवा काडी वापरावी.

यंत्राची पाळी

जागा अर्ध्या एकरापेक्षा जास्त असेल, फार्महाऊस, शाळेचे मैदान किंवा संत्र्याची बाग असेल, तर ब्रशकटरचा विचार करावा. दोन प्रकार आहेत. टू-स्ट्रोक यंत्र हलके आणि स्वस्त, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. कंपनी १:२५ सांगत असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, १:५० सांगत असेल तर २० मिलिलिटर. अंदाजाने ओतणाऱ्याच्या हातात ते एका हंगामात जॅम होते. फोर-स्ट्रोक, पस्तीस सीसीच्या आसपासचे यंत्र महाग, पण त्यात नुसते पेट्रोल जाते, धूर आणि आवाज कमी, आणि दिवसभर मजुराला चालवता येते. ज्याच्याकडे यंत्र वेगवेगळ्या हातांनी चालणार आहे त्याने फोर-स्ट्रोकच घ्यावे. ५२ सीसी असा मोठा आकडा पाहून घेतलेले अनोळखी नावाचे यंत्र ताकदीने कमी पडत नाही, सुट्या भागांवाचून पडून राहते. खरेदीआधी दुकानदाराला कार्ब्युरेटर, क्लच आणि ओढायची दोरी यांचे सुटे भाग दाखवायला सांगावे. ते कपाटात असले तर यंत्र घ्यावे. ‘मागवून देऊ’ असे उत्तर आले तर घेऊ नये. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यात आहे आणि तिथल्या शिवारफेरीत, प्रदर्शनांत अवजारे चालवून पाहता येतात. जाहिरात वाचण्यापेक्षा तिथे एक दिवस घालवलेला बरा.

पात्यांत भिंतीपाशी आणि मुरमाड जागी नायलॉनची दोरी, मोकळ्या गवताला तीन दातांचे पाते, पऱ्हाटीसारख्या जाड बुंध्याला ऐंशी दातांचे चक्र. खडे गोळीसारखे उडतात, म्हणून पन्नास फुटांच्या आत कोणी नको. चालवणाऱ्याला गॉगल, कानटोपण, गमबूट आणि लांब पॅंट हवी. विजेच्या तारेवर चालणारे कटर गावातल्या कमी-जास्त दाबात टिकत नाही. लिथियमवरचे लहान कटर चार-पाच गुंठ्यांपर्यंत ठीक आहे, तेही सोबत दुसरी बॅटरी घेतली तरच. वर्षातून दोनदाच गवत कापायचे असेल तर यंत्र भाड्याने आणणे स्वस्त पडते.

दिवाळीच्या सुमारास शेवटची कापणी होते आणि मग हे यंत्र जूनपर्यंत पडवीत पडून राहते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत बसतो आणि मृगाच्या तोंडावर दोरी ओढून हात दुखला तरी यंत्र सुरू होत नाही. म्हणून शेवटच्या दिवशी टाकी रिकामी करावी, उरलेले पेट्रोल जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालवावे, प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडावे आणि दोरी दोन वेळा हळू ओढून प्लग परत बसवावा. त्याच दिवशी खुरपी, विळे, कुदळीही धुऊन पुसून त्यांच्या पात्यांना तेलाचा हात द्यावा, तंबू आणि ताडपत्री पूर्ण वाळवून मगच घडी करावी. या कामाला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नाही.